पायाखालचा डबा

यशोधराबाई ओहोळ यांच्याशी माझी पहिली भेट झाली, तेव्हा त्यांनी मला निःशस्त्र केलं.

भिंगारमध्ये जन्मलेला माणूस सहसा कुणाला भीत नाही. आमच्या दारावरून लहानपणापासून रणगाडे जातात, आणि आम्ही त्यांना म्हशी गेल्यासारखं बाजूला होऊन वाट देतो. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात एकदा सुटलेला खिलार बैल थेट माझ्या अंगावर आला होता. तेव्हाही मी हातातली भेळ सांडू दिली नव्हती. पण त्या मंगळवारी सकाळी प्रसूतिगृहाच्या बोळात जी बाई माझ्यासमोर उभी राहिली, तिला पाहून वाटलं, या क्षणी तो बैल पुन्हा भेटला तर मी त्याच्या गळ्यात पडेन.

उंची चार फूट नऊ इंच, त्यातले तीन इंच अंबाड्याचे. एका हातात फिनाईलची बादली, दुसऱ्या हातात ओलं फडकं, पदर खोचलेला. सगळा बोळ तिने अडवला होता. एवढ्याशा बाईने एवढा मोठा बोळ कसा अडतो, हे मला आजवर कळलेलं नाही.

"हातात काय हाय?"

"दुधाची पावडर," मी म्हणालो. डबा मोठा होता. दुकानात होता त्यातला सर्वात मोठा.

"कुणी लिहून दिली?"

"कुणी नाही. मीच आणली."

"तुमी डॉक्टर हाय?"

"नाही. माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे."

"मग वह्या आणायच्या."

एवढं बोलून त्यांनी फडकं बादलीत टाकलं, पदराला हात पुसला आणि डबा माझ्याकडून काढून घेतला. उलटासुलटा करून पाहिला. झाकणावर दोन टिचक्या मारल्या. मग डोळे बारीक करून त्याची उंची जोखली आणि समाधानानं म्हणाल्या, "बराबर हाय."

मला वाटलं, आता बाईंना पटलं. डबा घेऊन त्या माझ्या मुलीच्या खोलीत गेल्या. मी विजयी मुद्रेनं मागोमाग. आत माधुरी खुर्चीत वाकडी बसली होती, एक हात पोटावरच्या टाक्यांवर धरून. पाय जमिनीपासून चार बोटं वर लोंबत होते. बाईंनी तो डबा न फोडता तिच्या डाव्या पायाखाली सरकवला.

"आता टेक पाय. मांडी वर आली का? आता टाक्यावर ताण येनार न्हाई." मग माझ्याकडे वळून, "लई कामाचा डबा आनला, आजोबा. आता बाहेर बसा."

चोपन्नाव्या वर्षी 'आजोबा' ही हाक मला आयुष्यात पहिल्यांदा मिळाली, आणि तीही हाकलून लावताना.

माधुरीची आई जाऊन पाच वर्षं झाली. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज मी हट्टानं पाळला; पण माहेर म्हणजे मी एकटाच, हे मला सोमवारी पहाटे उमगलं. कळा रविवार दुपारपासून सोळा तास चालल्या होत्या. मग बाळाचे ठोके कमी व्हायला लागले आणि डॉक्टर पंकजा मॅडमनी सिझर केलं. मुलगी झाली. दोन किलो आठशे ग्रॅम. मी पेढे वाटले. दुपारी बाळ रडायला लागलं. संध्याकाळीही रडत होतं. माधुरीनं दोनदा पाजायचा प्रयत्न केला. बाळ तोंड लावे, दोनदा ओढे आणि चिडून मान फिरवे. कूस बदलली की टाके ओढत आणि माधुरीचे डोळे भरून येत. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची सासू मला बोळात गाठून म्हणाली, "सिझरच्या बाईला दूध येत नसतं हो. वरचं दूध बघा." आमच्या गल्लीतल्या तिघी फोनवर तेच म्हणाल्या. चार बायका एकच गोष्ट सांगतात म्हटल्यावर पुरुषानं विचार करणं थांबवायचं असतं, असा माझा समज. मी डबा आणला.

यशोधराबाई त्या दवाखान्यात आया होत्या. म्हणजे कागदावर त्यांचं काम फरशी पुसणं, भांडी उचलणं आणि चादरी बदलणं. बावीस वर्षं त्या ते करत होत्या. बाकीचं त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. पूर्वी कधीतरी पुण्याहून एक तज्ज्ञ बाई आल्या होत्या, आईला स्तनपानात मदत कशी करायची याचं तीन दिवसांचं शिबिर घ्यायला. शिबिर नर्सबाईंसाठी होतं. यशोधराबाईंना चहा द्यायला ठेवलं होतं. त्या किटली घेऊन दारात उभ्या राहिल्या त्या तीन दिवस उभ्याच राहिल्या. तीन दिवस सगळ्यांनी थंड चहा प्यायला. प्रमाणपत्रं मिळालेल्या नर्सबाई लग्न होऊन, बदली होऊन एकेक करून गेल्या. शिबिर तेवढं राहिलं, यशोधराबाईंच्या डोक्यात. त्यात त्यांनी स्वतःचं बरंच काही घातलं होतं.

उदाहरणार्थ हुद्दे. त्यांचे यजमान महेंद्र लष्कराच्या बांधकाम खात्यात रंगारी होते. तीस वर्षं त्यांनी अधिकाऱ्यांचे बंगले रंगवले आणि त्या काळात घरात साहेबलोकांशिवाय दुसऱ्या कशाची चर्चा झाली नाही. म्हणून यशोधराबाई बाळांना वजनाप्रमाणे हुद्दा देत. अडीच किलोच्या आत सुभेदार. अडीच ते तीन कॅप्टन. तीनच्या पुढे मेजर, साडेतीनच्या पुढे कर्नल. ब्रिगेडियर बावीस वर्षांत एकच झाला, आणि त्याच्या आईला साखरेचा आजार होता. आमची नात कॅप्टन.

"कॅप्टनसाहेब, तोंड मोठं उघडा. ड्रिलची टाईम झाली."

मी पडद्याबाहेर बाकावर बसून ऐकत असे. आत काय चाललंय ते दिसत नव्हतं, पण बाईंच्या आवाजामुळे न दिसून काही बिघडत नव्हतं.

"अशी नको धरू. मांडीवर आडवी घेतली का टाक्यावर लाथ बसती. बगलेत घे. छत्री धरतो ना आपण बगलेत? तशी. पाय मागं, तोंड फुडं. अगं, तू वाकू नको, तिला वर आण. पावन्यानं यायचं असतं, घरानं जायचं नसतं."

"मावशी, नुसती चोखतेय. दुखतंय."

"टोकाला धरलंय तिनं. काढ. तोंडात बोट घालून सोडव, ओढू नको. आता नाक लाव, थांब, आं करू दे... मोठा आं... आता! हनुवटी टेकली? आता दुखतंय?"

"कमी."

"मग बस आता गप. मलाच बोलू दे."

डॉक्टरांच्या फेरीला एका खाटेपाशी दोन मिनिटं मिळतात. पहिल्या दिवशीचं बाळ नीट तोंड उघडायला पाच मिनिटं घेतं. मधली तीन मिनिटं यशोधराबाईंची होती. पंकजा मॅडमना हे माहीत होतं. त्या दिवसाला तीन-तीन सिझर करत, आणि फेरीवर असताना पडद्याआड बादली दिसली की तिथे न थांबता पुढच्या खाटेकडे जात. मला तो मोठा विश्वास वाटला.

मंगळवारी दुपारी व्याही आले.

रंगनाथराव म्हणजे घोडेगावच्या बाजारातलं मोठं नाव. तीन पिढ्या जनावरांचे व्यापारी. गाईच्या पाठीवरून नुसता हात फिरवून ती कितव्यांदा व्यालीय ते सांगतात. सोबत विहीणबाई बनुबाई, आणि माझा जावई रविराज, जो बाप झाल्यापासून मोबाईलमध्ये बाळ सांभाळण्याचे व्हिडिओ बघत होता आणि त्या नादात बाळ बघायचं राहून जात होतं. बनुबाईंनी येताना चांदीची वाटी, मधाची बाटली आणि थर्मासमध्ये पाणी घातलेलं गाईचं दूध आणलं होतं. आत गेल्या आणि दोन मिनिटांत बाहेर आल्या.

"पिवळं येतंय," त्या नवऱ्याला हळूच म्हणाल्या. "दोन थेंब आले, ते बी पिवळेजर्द. ते पिळून टाकावं लागंल. पोरीला बाधंल. तवर वरचं देऊ."

रंगनाथरावांनी मान डोलावली. सून, सिझर, दूध हे विषय निघाले की त्यांची नजर छताच्या पंख्याला चिकटत असे. घोडेगावच्या बाजारात जनावराचा सौदा तोंडानं करत नाहीत, उपरण्याखाली एकमेकांची बोटं धरून करतात. रंगनाथरावांच्या मते बायकांच्या गोष्टी तर उपरण्याखालीही करायच्या नसतात.

यशोधराबाई तेव्हा बोळाच्या टोकाला फरशी पुसत होत्या. पुसत पुसत त्या आमच्या पायांपर्यंत आल्या. आम्ही चौघांनी पाय वर घेतले. त्या तिथेच थांबल्या.

"मामा, घोडेगावचे ना तुमी?"

"व्हय."

"एक इचारू? तुमच्याकडं गाय व्याली, तर वासराला पयलं काय पाजता?"

रंगनाथरावांची नजर पंख्यावरून खाली आली. हा विषय त्यांचा होता. "चीक. दुसरं काय पाजनार?"

"कवा?"

"तासाभरात. पाय टेकायच्या आत. चीक प्यायलं न्हाई तर वासरू टिकत न्हाई. हगवण लागून जातं. मी तर इकत घेताना आधी तेच इचारतो, चीक प्यायलंय का."

"कसा असतो चीक? पांढरा?"

"पांढरा कसला? पिवळाजर्द. घट्ट..." रंगनाथराव थांबले. त्यांचा पाय अजून वरच होता.

"मग ह्या नातीनं काय पाप केलंय?" यशोधराबाई म्हणाल्या.

 रविराजच्या मोबाईलमधली बाई तेवढी इंग्रजीत बोलत राहिली. त्यानं घाईघाईनं आवाज बंद केला.

"जनावराचं येगळं," बनुबाई म्हणाल्या, पण तेवढ्या जोरात नाही. "अन् हिचं पोट फाडलंय. फाडलेल्या बाईला येतं का दूध?"

"गाईचं पोट कधी फाडत न्हाईत का, मामा?"

रंगनाथरावांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "मागल्या साली आमच्या शेजारच्या कल्याणच्या जर्शीचं फाडलं. वासरू आडवं हुतं. डॉक्टरनं कुशीतून काढलं."

"मग? आटली का जर्शी?"

"न्हाई. तीन-चार दिस उशिरा भरली." ते क्षणभर स्वतःशीच बोलल्यासारखे बोलले. "पन भरली. सड चोळत, वासरू लावत ऱ्हायले, भरली." मग बाईंकडे निरखून पाहिलं. "तू कुनाची गं?"

"सहादूची. बाजारात पानी पाजायला हुता, जनावरांना."

"सहादू महाराच्या..." ते बोलता बोलता अडखळले आणि पुढचं त्यांनी गिळलं. "हौदापाशी बसायचा तो सहादू? त्याला तर नुसतं कासेकडं बघून कळायचं, किती दूध देईल. माझे वडील सौद्याच्या आधी त्याच्याकडं बघायचे. त्यानं मान हलवली का घ्यायची."

"त्याचीच."

"मग तू मान हलव, बाई," रंगनाथराव म्हणाले. "हितं काय करायचं?"

"मी हलवते. पन एक थेंब बी टाकायचा न्हाई. अन् मध न्हाई, थर्मास न्हाई. तिला पोटभर जेवू घाला अन् पानी पाजा. पानी तोडू नका."

रंगनाथराव उठले आणि बायकोला म्हणाले, "बनू, थर्मास रिकामा कर. चहा करून आन त्यात." चांदीची वाटी मात्र बाईंनी मागून घेतली. "ही लागंल," म्हणाल्या.

आत माधुरीनं हे सगळं ऐकलं होतं. यशोधराबाई पडदा सारून आत गेल्या आणि म्हणाल्या, "पोरी, बाहेर तुला गाय केली. राग मानू नको."

"गाय नाही मावशी, कल्याणची जर्शी!" माधुरी म्हणाली आणि हसायला लागली, मग लगेच कळवळली. "हसवू नका हो, टाके दुखतात." सोमवार पहाटेपासून मी तिचं हसणं ऐकलं नव्हतं.

हे इथेच संपलं असतं तर गोष्ट सोपी होती. पण माणसांना पटणं आणि दूध येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बुधवारी सकाळी वजन झालं. दोन किलो पाचशे सत्तर. दोनशे तीस ग्रॅम उतरलं होतं. पंकजा मॅडमनी सांगितलं, पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतंच, पण आता आपण कडेला आलोय. बाळ तरतरीत आहे, दुपटी ओली करतंय, म्हणून उद्या सकाळपर्यंत थांबू. उद्या दोन हजार पाचशे वीसच्या खाली गेलं, तर वरचं दूध सुरू करायचं. त्यात हट्ट नको.

"न्हाई करनार हट्ट," यशोधराबाई म्हणाल्या.

मॅडम गेल्या. माधुरी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. माझी मुलगी शाळेत कधी नापास झाली नाही, बँकेची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाली. माझ्या दुकानातल्या निम्म्या वह्या तिनेच भरल्या असाव्यात. ती भिंतीला म्हणाली, "नॉर्मलला नापास झाले. आता यातही. बाबा, डबा फोडा."

मी उठलो. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. डबा ही गोष्ट मला येत होती. झाकण उघडायचं, चमचा मोजायचा, पाणी घालायचं, पाठीमागे सगळं मराठीत छापलेलं होतं. मी डब्याला हात घालणार, तोच यशोधराबाई खुर्चीत बसल्या. मी त्यांना बसलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"आजोबा, बाहेर जावा. दुपटी वाळलीत का बघा."

दुपटी वाळली नव्हती. मी पडद्याबाहेर बाकावर बसलो, आणि त्यांनाही ते माहीत असणार. कारण आवाज त्यांनी थोडासाच खाली आणला.

"माझा सचिन बी सिझरचाच," त्या म्हणाल्या. "तेहतीस वर्सं झाली. मोठ्या दवाखान्यात झाला. मला तीन दिस ताप. पोरगं एकीकडं, मी एकीकडं. चवथ्या दिशी येऊन म्हणल्या, बाई, तुला दूध न्हाई. शिकल्याल्या बायका, कोट घातल्याल्या. त्या म्हणल्या म्हंजे न्हाईच असनार. माझ्या आईनं शेळी बांधली हुती, तिचं पाजलं, बाटलीनं."

"मग?"

"मग काय? सहा फूट झाला. दाराची चौकट लागती डोक्याला. कधी शिंकला बी न्हाई."

"म्हणजे काहीच बिघडलं नाही ना मावशी."

"त्याला काई कमी पडलं न्हाई. मला पडलं."

आत खुर्ची करकरली.

"सहाव्या दिशी दोन्ही बाजूंनी चोळी भिजली," त्या म्हणाल्या. "धारा लागल्या. पोराला लावलं तर तोंडच धरंना, बाटलीची सवय झाल्याली. मी मोरीत उभी ऱ्हायले अन् भिंतीवर पिळून टाकलं. आठ दिस. मग आटलं. मला कुनी म्हणलं असतं ना, यशोधरा, दोन दिस थांब, पिळत ऱ्हा, चमच्यानं देत ऱ्हा, तर... जाऊ दे. तुला ते म्हणायला मी हाय. डबा काई वाईट न्हाई. डबा औषध हाय. लागला तर उद्या मीच फोडीन अन् माझ्या हातानं चमच्यानं पाजीन. कितीक पोरांना पाजलाय. पन उद्या. आज न्हाई."

माधुरी काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. नंतर चांदीची वाटी खुर्चीवर ठेवल्याचा आवाज आला.

त्या दिवशी दर दोन तासांनी तेच चालू होतं. आधी बाळ उघडं करून आईच्या उघड्या छातीवर झोपवायचं, वरून शाल. मग बगलेत धरून दोन्ही बाजूंना लावायचं. मग ओला गरम नॅपकिन, हलक्या हातानं दाबून वाटीत जे येईल ते चमच्यानं. "पयल्या दिशी पोट गोटीएवढं असतं, आता लिंबाएवढं. त्याला बादली लागत न्हाई," असं बाई सांगत. सकाळी अकराला वाटीचा तळ ओला झाला. एकला अर्धा चमचा. चारला दोन चमचे, आणि मला बोलावून ते दाखवण्यात आले. मी अदबीनं पाहिले. मधल्या वेळात बाईंनी अख्खा मजला पुसला, चार चादरी बदलल्या आणि शेजारच्या खाटेवरच्या सासूला "दूध येत नसतं" असं पुन्हा म्हणाल्याबद्दल फिनाईलच्या वासात बसवून ठेवलं. त्यांची पाळी दोनला संपत होती. सहाला मी विचारलं, घरी नाही का जायचं? तर म्हणाल्या, "सचिनच्या बापाला सांगितलंय, आज खिचडी." मग त्यांनी मला घरी हाकललं.

गुरुवारी सकाळी आठला वजनकाट्याभोवती एवढी गर्दी झाली की नर्सबाईंना काटाच दिसेना. रंगनाथराव पहाटेची एसटी पकडून डिंकाचे लाडू घेऊन आले होते. सुनेकडे पाहायचं नाही म्हणून ते काट्याच्या पत्र्याकडे पाहत होते. बनुबाई पुटपुटत होत्या. रविराजनं मोबाईल खिशात ठेवला होता. माधुरी खुर्चीत, डावा पाय डब्यावर, डोळे मिटलेले. कॅप्टनसाहेब काट्यावर उघडेबंब, सगळ्या जगावर चिडलेले. काटा हलत होता आणि आकडे थांबत नव्हते.

"दोन हजार पाचशे ऐंशी," नर्स म्हणाली.

कुणाला काही कळेना. कालचा आकडा कोणता होता, वीस की सत्तर? माझं डोकं बधिर झालं होतं.

"दहा ग्रॅम चढलं!" माधुरी ओरडली. बँकेत आहे ती.

"दहा ग्रॅम म्हंजी किती?" रंगनाथरावांनी विचारलं.

"तुमच्या मिशीएवढं, मामा," यशोधराबाई म्हणाल्या.

"मिशी लई हाय माझी," ते म्हणाले आणि उपरण्यानं डोळे पुसले. मग सगळ्यांना सांगितलं की फिनाईल डोळ्यात गेलं.

त्याच गडबडीत माधुरीनं खाली पाहिलं. तिच्या गाऊनवर दोन्ही बाजूंना रुपयाएवढे ओले डाग होते. तिने बाईंचा हात धरून तिथे दाखवलं. यशोधराबाईंनी पाहिलं. "हां," एवढंच म्हणाल्या. बाळाला उचलून तिच्या बगलेत दिलं, उशी लावली आणि बादली घेऊन बाहेर पडल्या. थोड्या वेळानं मी बाहेर गेलो तर त्या बोळ पुसत होत्या. तो बोळ त्यांनी सकाळी सातलाच पुसला होता. मी तसाच मागे फिरलो.

शुक्रवारी पाचवी पुजली. शनिवारी घरी आलो. डबा बाईंनी स्वतः पिशवीत घालून दिला. "पायाखाली ठेव घरी बी. महिनाभर लागंल." तसाच लागला.

सव्वा महिन्यानं, बारशाच्या आधी मी पेढे घेऊन त्यांच्या घरी गेलो. भिंगारच्या जुन्या चाळीत दोन खोल्या, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि भिंतींचा रंग असा की कुठल्याही कर्नलच्या बंगल्याला नसेल. महेंद्ररावांनी तो कुठून आणला हे मी विचारलं नाही. सचिन कामावरून आला, दारातून आत येताना त्याचं डोकं चौकटीला आपटलं, आणि आत यशोधराबाई मान वर न करता म्हणाल्या, "वाक." पंधरा वर्षं रोज हाच संवाद झाला असेल असं वाटलं. मी म्हणालो, बाई, तुमच्या म्हणण्याविरुद्ध एवढा मोठा पुरावा घरात ठेवलाय, तरी तुम्ही बायकांना थांब म्हणता? त्या पेढा मोडत म्हणाल्या, "त्याच्यासाठी न्हाई म्हणत, आजोबा. तिच्यासाठी म्हणते. पोरं कशावर बी वाढतात. आईला वाटायला नको, का मला जमलं असतं."

मग त्यांनी नातीचं वजन विचारलं. तीन किलो चारशे, मी सांगितलं. त्यांनी बसल्या जागी पाय जुळवून कडक सलाम ठोकला. मेजर.

नातीचं नाव आम्ही प्रवरा ठेवलं. यशोधराबाई गेल्या वर्षी मार्चअखेर निवृत्त झाल्या. निरोपाला पंकजा मॅडमनी हार घातला आणि दवाखान्याच्या ट्रस्टकडून फ्रेम केलेलं प्रशस्तिपत्र दिलं. त्यावर 'स्वच्छता विभागातील प्रदीर्घ सेवेबद्दल' असं छापलं आहे. ते त्यांनी भिंतीवर लावलं, पण सचिनच्या उंचीवर, म्हणजे त्यांना ते वाचता येत नाही. त्यांच्या जागी आलेली बाई चांगली आहे. फरशी लवकर पुसून होते.

डबा अजून आमच्या घरी आहे, न फोडलेला. त्याची मुदत संपली.

मागच्या आठवड्यात यशोधराबाई रस्त्यात भेटल्या. काठी आलीय हातात. लांबूनच ओरडल्या, "आजोबा, मेजरसाहेब काय म्हणतात? दूध पितात ना?"

प्रवरा आता तीन वर्षांची आहे. अकराव्या महिन्यात तिने एके दिवशी आपणहून अंगावरचं सोडलं. तेव्हापासून दूध तिला अजिबात आवडत नाही. कुठलंच. ती चहा पिते.